इंटरकूलर मोठा केला, आता ईसीयूचा मॅप बदलायचा का? आपल्या उन्हाच्या हिशोबानं सांगतो

भाऊ, पहिले उत्तर देतो, कारण मग सांगतो. नवीन माणसासाठी एवढंच, टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बूस्ट म्हणजे त्या हवेचा जास्तीचा दाब, इंटरकूलर म्हणजे ती तापलेली हवा थंड करणारी जाळी, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, मॅप म्हणजे त्यातले आकड्यांचे तक्ते आणि ते बदलणं म्हणजे ट्यूनिंग. टर्बो गाडीचा फक्त इंटरकूलर बदलला, तापमानाचा सेन्सर कंपनीनं दिला होता त्याच जागी राहिला, एअरफ्लो सेन्सरला (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) हात लावला नाही, बूस्ट वाढवला नाही, तं बहुतेक गाड्यांत ईसीयूचं ट्यूनिंग करावंच लागते असं नाही. गाडी चालते आणि नीट चालते. पण त्या इंटरकूलरमधून जेवढं काढता येते तेवढं मॅप न बदलता निघत नाही, डिझेलमधून तं जास्तीची पावर जवळपास निघतच नाही, आणि सेन्सरची जागा बदलली असेल तर ती बराबर केल्याशिवाय गाडीवर लोड देऊच नका. या तीन गोष्टी लोक एकातच मिसळतात. एक मिस्त्री म्हणते "गाडीले थंडी हवा भेटली म्हणजे पावर आपोआपच येते, ट्यूनिंग कायले पायजे", आणि दुसरा म्हणते "ट्यूनिंगशिवाय लावलं तं इंजिन जाईन". दोघंही अर्धं खरं बोलून राहिले.

मी पांढरकवड्याकडचा, माझ्याकडं टर्बो पेट्रोल सेडान आहे आणि वणीच्या मामेभावाकडं डिझेल एसयूव्ही. दोन्हीचे इंटरकूलर आम्ही बदलले, दोन्हीवर दोन उन्हाळे काढले, त्यातून जे समजलं ते इथं लिहितो. पुण्यामुंबईच्या लोकांनी सांगितलेलं आपल्याकडं जसंच्या तसं लागू पडत नाही, काहून की त्यांच्याकडं मे महिन्यात ४६ अंश नसते.

सायकलच्या पंपानं हवा भरताना पंप खालून गरम होते ना, टर्बोत तेच होते, फक्त फार जोरात. हवा दाबली की तापते. आता आकडे पाहा. नवतप्यात दुपारी बाहेर ४५ अंश आहे, गाडी १ बार बूस्ट करून राहिली, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तं टर्बोतून निघणारी हवा साधारण १४५ अंशाची असते. कंपनीचा इंटरकूलर या वाढलेल्या तापमानातलं ६० टक्के काढतो असं धरू, म्हणजे इंजिनात जाणारी हवा ८५ अंश. चांगला मोठा इंटरकूलर ८० टक्के काढत असेल तर ६५ अंश. या २० अंशांच्या फरकानं त्याच दाबाला हवा साधारण ६ टक्के जास्त दाट होते. बस, नुसत्या थंड्या हवेचा फायदा एवढाच असते, ६ टक्के. जाहिरातीत २०-२५ टक्के लिहिलेलं दिसलं तर समजा की त्यात मॅप आणि वाढवलेला बूस्ट मोजून राहिले.

आणि इंटरकूलर काही आपला घरचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नाही. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते म्हणून हवा बाहेरच्यापेक्षा थंड होते. इंटरकूलर कितीही मोठा असला तरी बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बाहेर ४५ असेल तर ४५ ही त्याची हद्द, तिथपर्यंतही तो कधी पोचत नाही.

आता हाच हिशोब डिसेंबरचा लावा. पहाटे १२ अंश, तोच १ बार बूस्ट, टर्बोतून निघालेली हवा १०० च्या आसपास आणि कंपनीच्याच जुन्या इंटरकूलरमधून पुढं ४८ अंश. म्हणजे मे महिन्यात मोठा इंटरकूलर लावूनही हवा ६५ ची आणि डिसेंबरमध्ये जुन्याच इंटरकूलरवर ४८ ची. जुन्या इंटरकूलरवर मे आणि डिसेंबर यांच्यात हवेच्या घनतेत ११ टक्क्यांचा फरक पडते आणि तुमचा ईसीयू तो फरक दरवर्षी काही न बोलता सांभाळते. मग इंटरकूलरच्या ६ टक्क्यांनी त्याची भंबेरी काहून उडेल? ही गोष्ट मला कोणी पहिलेच सांगितली असती तं माझे बरेच दिवस वाचले असते.

ईसीयू हे सांभाळते कसं ते समजून घ्या, पुढचा सगळा निर्णय त्यावरच आहे. काही गाड्यांत एअर फिल्टरनंतर मास एअरफ्लो सेन्सर असते, तो टर्बोच्या आधी बसते आणि आत जाणाऱ्या हवेचं वजनच मोजते. इंटरकूलर त्याच्या पुढं कुठंतरी आहे, त्याला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही, हवा जास्त गेली तर तो जास्त मोजते आणि इंधन त्याप्रमाणं पडते. दुसऱ्या गाड्यांत मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचा) दाब आणि तापमान मोजून ईसीयू हवेचा हिशोब काढते. तिथं बहुतेक दाब आणि तापमान एकाच सेन्सरमध्ये असते आणि तो इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) आसपास बसवलेला असते. हवा थंड झाली तर सेन्सर ते पाहते, म्हणून हिशोब चुकत नाही. दोन्ही पद्धतींत एकच अट आहे, सेन्सरनं खरं सांगितलं पाहिजे.

घोटाळा इथंच होते. बाजारातले पुष्कळ युनिव्हर्सल इंटरकूलर येतात त्यांच्या टाकीवर सेन्सर बसवायची जागाच नसते. मग मिस्त्री काय करते, जिथं सोयीचं पडते तिथं छिद्र पाडून सेन्सर ठोकते, कधी कधी टर्बो आणि इंटरकूलरच्या मधल्या गरम पाईपवर. आता वरचेच आकडे घ्या. खरी हवा ६५ ची आहे आणि सेन्सर १४५ सांगून राहिला. दाब-तापमानावर हिशोब करणारा ईसीयू हवा साधारण १९ टक्के कमी धरेल, इंधन तेवढं कमी टाकेल, आणि फुल थ्रॉटलला टर्बो पेट्रोल इंजिन लीन (हवा जास्त, इंधन कमी) चालणं म्हणजे पिस्टनची वाट लागणं. एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत एवढं होणार नाही, पण तिथंही ईसीयू गरम हवा समजून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागं घेईल, बूस्ट कमी करेल, आणि तुम्ही म्हणाल की एवढा खर्च करून गाडी उलटी सुस्त झाली. यावर इलाज मॅप नाहीच. थंड्या बाजूच्या पाईपवर सेन्सरसाठी ॲल्युमिनियमचा बॉस (सेन्सर बसायची जाड कडी) वेल्ड करून घ्या. आपल्याकडं आर्गन वेल्डिंगवाला तालुक्याला नसला तरी नागपूर-अमरावती-चंद्रपूरला भेटते. एक अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यात कंजूषी करू नका.

एक गोष्ट अजून, १.० टीएसआयसारख्या काही इंजिनांत इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच असते आणि तो पाण्यानं थंड होते. तिथं समोर मोठा हवेचा इंटरकूलर लावायचा विषय वेगळा आणि किचकट आहे. हा लेख समोरून हवा लागणाऱ्या साध्या इंटरकूलरचा आहे.

पेट्रोल आणि डिझेल यांचं गणित सारखं नाही

पेट्रोल इंजिनात इंधन हवेच्या मागं जाते. हवा जास्त तं इंधन जास्त, आणि शिवाय थंड हवेत नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) कमी होते म्हणून ईसीयू इग्निशन टायमिंग मागं घेत नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात पावर जाते ती बहुतेक याच कारणानं, साधं पेट्रोल, ८०-८५ अंशाची हवा, एसी चालू, चार माणसं, अन् ईसीयू नॉक सेन्सरचं ऐकून टायमिंग मागं मागं घेऊन राहिला. मोठा इंटरकूलर ही गेलेली पावर परत देते, मॅप न बदलता देते. पण जितकी कंपनीनं ठरवली आहे तितकीच देते. आजकालचे ईसीयू टॉर्कच्या हिशोबानं चालतात, त्यांना ठरलेला टॉर्क द्यायचा असते. हवा जास्त आली तर ते वेस्टगेट (टर्बोचा जोर कमी करणारी झडप) उघडतात नाही तं थ्रॉटल थोडं मिटतात आणि टॉर्क ठरलेल्या रेघेवर आणून ठेवतात. म्हणून थंडीत तुम्हाला फरक जाणवणार नाही, उन्हाळ्यात जाणवेल. माझ्या गाडीत असंच झालं, जानेवारीत इंटरकूलर बसवला तेव्हा वाटलं पैसे पाण्यात गेले, एप्रिलमध्ये दुपारी ओव्हरटेक करताना समजलं की गाडी पहिल्यासारखी मरून नाही राहिली.

डिझेलमध्ये उलटं आहे. तिथं हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते आणि पावर ठरते ती इंजेक्टरनं किती डिझेल टाकलं यावर. ईसीयूतल्या मॅपमध्ये लिहिलेलं आहे की पॅडल एवढं दाबलं तर एवढं मिलिग्रॅम टाकायचं. हवा थंड झाली म्हणून तो आकडा बदलत नाही. म्हणून मॅपशिवाय डिझेल गाडीत मोठा इंटरकूलर लावला तर धूर कमी होते, एग्झॉस्टचं तापमान कमी होते, टर्बोला आराम भेटते, ट्रॉली ओढणाऱ्याला किंवा घाट चढणाऱ्याला हे चांगलंच आहे, पण पावरसाठी लावला असेल तर निराशा होईल. दोन अपवाद आहेत. फार गरम हवेत ईसीयू स्वतःच डिझेल कमी करत असेल तर ती कपात टळते, आणि स्मोक लिमिटर नावाचा एक मॅप असते, हवा कमी असली की तो डिझेल अडवून धरते, तिथं कमी आरपीएमला थोडा फरक पडू शकते. मामेभावाच्या गाडीत मॅप न बदलता पावरचा फरक मला तरी जाणवला नाही, धुराचा मात्र स्पष्ट दिसला.

मॅपचा विचार करायच्या आधीचं काम

जुन्या इंटरकूलरवरचा लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद, पहिले घ्या. हे न करता इंटरकूलर बदलला तर नंतर काय सुधारलं आणि काय बिघडलं हे कोणीच सांगू शकत नाही, ना तुम्ही ना ट्यूनर. साधं ब्लूटूथवालं ईएलएम३२७ ॲडॉप्टर आणि मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप पुरते. हे ॲडॉप्टर हळू असते म्हणून एका वेळी चार-पाचच आकडे निवडा, पंधरा निवडले तर एकेक आकडा इतक्या उशिरा येते की मधलं काहीच दिसत नाही. पेट्रोलला मॅनिफोल्ड दाब, इनटेक हवेचं तापमान, टायमिंग, आरपीएम, आणि वेगळ्या चक्करला फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के कमीजास्त करून राहिला तो आकडा). डिझेलला दाब, तापमान, एअरफ्लो, रेल प्रेशर (इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलचा दाब). कूलंटचं तापमान दोन्हीला.

इनटेक तापमान पाहताना फसू नका. काही गाड्यांत ओबीडीवर (हे ॲडॉप्टर लावायच्या सॉकेटवर) दिसणारं तापमान एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचं असते, इंटरकूलरनंतरचं नसतेच. ओळखायचं कसं, जोरात चालवून पाहा, बाहेर ४२ आहे आणि बूस्टमध्ये पण ४५-४६ च दाखवून राहिलं तर तो टर्बोच्या आधीचा सेन्सर आहे, त्यावरून इंटरकूलरची परीक्षा होणार नाही. मग गाडीच्या कंपनीसाठीचं स्कॅन टूल लागते, ज्यात दोन्ही सेन्सर वेगळे दिसतात.

दाबाचं पण एक. लॉगमध्ये बहुतेक ॲब्सोल्यूट दाब असते, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, तिथं हवेचाच दाब ९७० ते ९८० मिलिबार असते, म्हणजे लॉगमध्ये २००० मिलिबार दिसले तर खरा बूस्ट १ बारच्या जरासा वर. हे न समजता पोरं "माझी गाडी २ बार मारते" म्हणून सांगत फिरतात.

आता बसवताना. इंटरकूलर निवडायचा तर सगळ्यात मोठा तो चांगला हे डोक्यातून काढा. हवेला आतून जायला जितका अडथळा तितका दाब पडते. नव्या इंटरकूलरमध्ये ०.१ बार जास्त दाब पडला, तर २ बार ॲब्सोल्यूटमधले ५ टक्के गेले, आणि थंड हवेनं कमावले होते ६ टक्के. राहिलं काय? ईसीयूचा बूस्ट सेन्सर इंटरकूलरनंतर असेल तर तो ही तूट भरून काढायला टर्बोला जास्त पळवते, टर्बो आणखी गरम हवा फेकते. सेन्सर इंटरकूलरच्या आधी असेल तर त्याला ही तूट दिसतच नाही. म्हणून विकणाऱ्याला फुल फ्लोला दाब किती पडते ते विचारा, १ ते २ पीएसआयच्या आत असला पाहिजे, त्याला सांगता येत नसेल तर दुसरा पाहा.

आणि रेडिएटर, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे भाऊ, यावर कोणी बोलतच नाही. समोर लावलेला इंटरकूलर एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या तोंडावर बसते. थंड प्रदेशात चालून जाते. आपल्याकडं ४५ अंशात, एसी फुल, वरून इंटरकूलरनं गरम केलेली हवा कंडेन्सरवर, मग तीच रेडिएटरवर. मामेभावानं पहिला जो जाड बार-अँड-प्लेट कोअर (जाड पट्ट्यांची जाळी) लावला तो ग्रिलची सगळी जागा व्यापून बसला, फेब्रुवारीपर्यंत काहीच वाटलं नाही, एप्रिलमध्ये वणी-घुग्घुस रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमागं रांगेत चालताना काटा वर चढायला लागला आणि एसी गरम हवा फेकायला लागलं. शेवटी तो कोअर काढून पातळ आणि उंचीला अर्धा असलेला लावला, आजूबाजूला पत्र्याचं डक्टिंग केलं की हवा बाजूनं पळून न जाता कोअरमधूनच जाईल, तेव्हा कुठं काटा जागेवर आला. बार-अँड-प्लेट जड असते, ट्रॅफिकमध्ये उशिरा तापते, दगड झेलते. ट्यूब-अँड-फिन हलका असते आणि मागच्या रेडिएटरला हवा जास्त जाऊ देते. आपल्या उन्हात रोजच्या गाडीला मी ट्यूब-अँड-फिनच सांगीन.

पाईप जोडताना पाईपाच्या टोकाला कंगोरा असला पाहिजे, नाही तं बूस्ट आला की सिलिकॉन होज सटकते. टी-बोल्ट क्लॅम्प वापरा, साधे पेचवाले क्लॅम्प ढिले पडतात. जुन्या पाईपात तेलाचा हलका पापुद्रा दिसला तर घाबरू नका, ते चालते, पण इंटरकूलरमधून तेल ओतता येण्याइतकं निघालं तर आधी टर्बो दाखवा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा (पाय काढला की जास्तीचा बूस्ट सोडणाऱ्या झडपेचा) आवाज आवडते म्हणून एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत तो बाहेर हवा सोडणारा लावू नका, सेन्सरनं मोजलेली हवा बाहेर गेली की गिअर बदलताना मिश्रण रिच (इंधन जास्त) होते.

मग लीक टेस्ट. ट्यूनिंगच्या नावावर येणाऱ्या अर्ध्या तक्रारी लीकच्याच निघतात. त्यासाठी महागडं मशीन लागत नाही, आपल्याकडं शेतीच्या पाईपाच्या दुकानात ६३ मिमीच्या पीव्हीसी पाईपाचा तुकडा आणि त्याची एंड कॅप भेटते, तुकडा साधारण अडीच इंची होजमध्ये बसते आणि कॅप त्याच्या दुसऱ्या टोकाला चिकटवायची. कॅपला छिद्र पाडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवा. एअरफ्लो सेन्सर आधी काढून ठेवा, टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये तो तुकडा क्लॅम्पनं आवळा, इंजिनचा ब्रीदर पाईप तिथं जोडलेला असते तो बंद करा, नाही तर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर येऊ शकतात. मग टायरच्या पंपानं हळूहळू ०.७ बार, फार तर १ बार भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. कॅपच्या समोर उभं राहू नका, सुटली तर गोळीसारखी येते. बुडबुडे आले तिथं लीक.

लीक ठेवून मॅप मारला तर काय होते, एअरफ्लो सेन्सरवाल्या पेट्रोल गाडीत मोजलेली हवा बाहेर जाते म्हणून बूस्टमध्ये रिच, आयडलला बिनमोजलेली हवा आत ओढली जाते म्हणून लीन, डिझेलमध्ये लोडवर काळा धूर आणि शिट्टी. पी०२९९ हा अंडरबूस्टचा (बूस्ट कमी पडल्याचा) कोड आला की लोक ट्यूनरला फोन लावतात, आधी क्लॅम्प पाहा. पी०१७१ म्हणजे लीन, तिथंही लीकच पहिला संशयित.

लॉग वाचून ठरवा

आता परत लॉग, तोच रस्ता, जमलं तर तेच तापमान, तेवढीच माणसं. पेट्रोल गाडीत दुसऱ्या गिअरमध्येच खेचा म्हणजे वेगाची मर्यादा मोडत नाही, आणि मोबाईल बाजूच्या माणसाच्या हातात, चालवणाऱ्याच्या नाही. एकदा खेचून काही समजत नाही, काहून की मोठ्या कोअरचं धातूच पहिल्या खेचीची उष्णता गिळून टाकते, लागोपाठ तीन वेळा खेचा आणि तिसऱ्याचे आकडे पाहा. यापेक्षा खरी परीक्षा घाटाची. परतवाड्याहून चिखलदऱ्याला गाडी भरून चढवा, वेग कमी, लोड पूर्ण, समोरून हवा कमी, तिथं इंटरकूलर आणि रेडिएटर दोन्हीचं खरं रूप समजते. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, वर बाहेरच्या हवेचा दाबच कमी असते, तेवढाच ॲब्सोल्यूट बूस्ट द्यायला टर्बोला जास्त मेहनत करावी लागते आणि हवा जास्त तापते.

काय पाहायचं? फ्युएल ट्रिम आधी होती तिथंच, शून्याच्या ५ टक्के इकडं तिकडं असेल तर मस्त, १० च्या पार गेली तर मॅपकडं नाही, लीककडं आणि सेन्सरकडं जा. इनटेक तापमान आधीपेक्षा कमी दिसलं पाहिजे आणि खेच संपल्यावर लवकर खाली आलं पाहिजे. टायमिंग मागं घेणं कमी झालं पाहिजे. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट पाहता येत असेल तर दोन रेघा जवळजवळ चालल्या पाहिजेत. मिळालेला सुरुवातीला मागं पडून नंतर वर उसळत असेल तर आत हवेची जागा वाढली म्हणून ईसीयूचं वेस्टगेटचं किंवा व्हेरिएबल टर्बोच्या पात्यांचं गणित थोडं हुकून राहिलं. जरासं चालते, पण पी०२३४ म्हणजे ओव्हरबूस्टचा कोड आला तर हे ट्यूनिंगनंच सुटेल. हे सगळं बराबर असेल, आणि तुम्हाला फक्त उन्हाळ्यात मरणारी गाडी सुधारायची होती, तं इथंच थांबा. खरंच थांबा. पैसे वाचले, वॉरंटीचं डोकं वाचलं.

मॅप करायचाच असेल तर

बूस्ट वाढवायचा आहे, टर्बो बदलायचा आहे, डिझेलमधून खरी पावर पाहिजे, सेन्सर वेगळ्या रेंजचा लावला, नाही तर एअरफ्लो सेन्सरची नळी मोठी केली, यातलं काहीही असेल तर मॅप लागतेच. नळीचं विशेष सांगतो, सेन्सर तोच आणि नळी रुंद केली तर सेन्सर हवा कमी मोजते, तिथं कॅलिब्रेशन बदलल्याशिवाय एक किलोमीटरसुद्धा जोरात चालवू नका.

ट्यूनर आपल्या गावात नाही, नागपूर-पुण्याला आहेत किंवा लॅपटॉपवर फाईल पाठवणारे आहेत. दूरचा ट्यूनर वाईट असते असं नाही, पण तो लॉग मागते का ते पाहा. लॉग न मागता "स्टेज वन (तयार मॅप) टाकून देतो" म्हणणाऱ्यानं तुमच्या गाडीचं काहीच पाहिलेलं नाही. मूळ फाईल वाचून तिची कॉपी तुम्हाला द्यायला सांगा, ती सांभाळून ठेवा. फ्लॅश करताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर ईसीयू अर्ध्यातच बंद पडू शकते, आणि गावात चार्जरच्या भरवशावर राहू नका, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, दुसरी चांगली बॅटरी समांतर जोडून ठेवा.

पेट्रोल मॅपमध्ये त्यानं काय केलं हे विचारा, कळत नसलं तरी विचारा. बूस्टचं टार्गेट, टायमिंग, फुल लोडचं मिश्रण, टॉर्कच्या मर्यादा हे तं सगळे करतात. महत्त्वाचं वेगळंच आहे, इनटेक तापमान वाढलं की टायमिंग आणि बूस्ट किती कमी करायचा याचं जे टेबल असते ते त्यानं कंपनीसारखं ठेवलं का सपाट करून टाकलं? सपाट केलं की गाडी डायनोवर (पावर मोजायच्या मशीनवर) सुंदर आकडा देते. माझ्या गाडीचा पहिला मॅप डिसेंबरमध्ये रात्री केला होता, बाहेर १३-१४ अंश, गाडी अशी पळायची की मन भरून यायचं. मे महिन्यात करंजीच्या पुढं चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून खडे हलवल्यासारखा आवाज आला, पाय काढला, लॉग लावला तं ईसीयू चारही सिलिंडरचं टायमिंग जितकं मागं घेता येते तितकं घेऊन राहिला होता. तापमानाचं टेबल पुसून टाकलं होतं. इंजिन वाचलं, पण तो आवाज मी विसरलो नाही. दुसऱ्या ट्यूनरकडून ते टेबल परत भरून घेतलं आणि शेवटचा लॉग भर उन्हात दुपारी घेतला. तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगून राहिलो, आपल्याकडचा मॅप उन्हाळ्यात पास झाला पाहिजे, थंडीत तो आपोआप पास होते, उलटं होत नाही.

मॅप त्याच पेट्रोलवर करा जे तुमच्या पंपावर रोज भेटते. शहरातून जास्त ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल भरून ट्यून केला आणि गावात साध्यावर चालवला तर वरचाच प्रकार होईल. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला एका भाग इंधनाला १४.७ भाग हवेच्या जागी साधारण १३.५ चं मिश्रण लागते, ट्रिम ते सांभाळते, पण ट्यूनरला आधीच सांगून ठेवा की गाडी ई२० वर आहे. फुल बूस्टला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.८० ते ०.८५ च्या आसपास ठेवतात, वाइडबँड सेन्सरशिवाय (एग्झॉस्टमध्ये हे प्रमाण मोजणाऱ्या) हा आकडा कोणी अंदाजानं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

डिझेलमध्ये इंधन वाढवलं की एग्झॉस्टचं तापमान वाढते आणि इंटरकूलरनं दिलेली सवलत तिथं खर्च होते. टर्बोच्या आधी तापमानाचा मीटर लावून घ्या, लांब चढावर ७५० अंशाच्या आत राहिलं पाहिजे. धूर दिसणं म्हणजे पावर नाही, ते न जळलेलं डिझेल आहे. रेल प्रेशरच्या सेन्सरला खोटा सिग्नल देणारे डबे लावू नका, त्यांना हवेचं तापमान माहीतच नसते, थंडीत आणि नवतप्यात तेवढंच जास्त डिझेल टाकतात. आणि बीएस६ गाडीतला डीपीएफ (धुराच्या काजळीचा फिल्टर) काढून देतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतले बदल अडवते, आणि कलम १८२ए मध्ये परवानगीशिवाय केलेल्या एकेका बदलाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही लिहिलेलं आहे. वॉरंटी आणि इन्शुरन्सचा क्लेम यावर अडकू शकते, म्हणून वॉरंटीतल्या गाडीला मी हात लावू नका म्हणीन. सर्व्हिस सेंटरनं सॉफ्टवेअर अपडेट केलं तर तुमचा मॅप पुसला जाते हेही लक्षात असू द्या.

बसवल्यावर पहिल्या ५०० किमीनंतर सगळे क्लॅम्प एकदा आवळा. आणि आपल्याकडं कापसाच्या दिवसांत, जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाणं असेल तर कापसाची रुई, सोयाबीनचं भुसकट, वणीकडं कोळशाची धूळ, हे सगळं कोअरच्या फिन्समध्ये गच्च बसते. बाहेरून दिसत नाही, कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत गोधडीसारखा थर जमते. फेब्रुवारीच्या शेवटी बंपर उतरवून मागून पुढं हलक्या दाबानं पाणी मारा, प्रेशर वॉशर जवळ नेला तर फिन्स वाकतात. मग एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता, एसी लावून, एक लॉग घ्या आणि मागच्या एप्रिलच्या लॉगशेजारी ठेवून पाहा. माझ्याकडं दोन वर्षांचे आहेत, तापमान ५-७ अंशांनी चढलेलं दिसलं की मी ट्यूनरला नाही, आधी बंपरच्या स्क्रूला हात लावतो.